पदरची आठ मिनिटं

अकराव्या महोत्सवाचे झेंडे लावले
त्या दिवसापासून पाऊस आहे.
बातुमीला त्याचं काही नाही.
पाहुण्यांना तेवढं वाटतं, आपल्यासाठीच पडतोय.
लाल गालिचा दुसऱ्याच दिवशी
गुंडाळून जिन्याखाली टाकला आम्ही,
ओल्या कुत्र्यासारखा वास मारत होता.

मी गुराम. आवाजाच्या टेबलावर बसतो.
दोन बटणं माझ्या हातात,
एक सिनेमाचं, एक त्सियालाचं.

ती मागे, काचेच्या खोलीत.
एक दिवा, एक थर्मास, खोकल्याच्या गोळ्या,
रशियनमधून आलेले संवादांचे कागद.
नवरा ती, बायको ती, इन्स्पेक्टर ती,
सहा वर्षांची पोर, मरायला टेकलेला पाद्री,
एकदा एक पोपट होता, तोही तीच.
सगळ्यांना एकच सपाट आवाज,
भाजीचा हिशोब सांगावा तसा.
रंग भरायचा नाही, म्हणते.
चित्र त्यांचं, आपण नुसता खिळा.

अकरा वर्षांत माझ्या हेडफोनमध्ये
कितीदा म्हणालीय, तुझ्यावाचून जगता येणार नाही मला.
मग खाली उतरून म्हणते,
गुराम, खोलीत मुंग्या झाल्यात.

पुढच्या वर्षी यंत्र येणार.
पडद्याखाली अक्षरं पळतील.
संचालकबाईंनी उद्घाटनात सांगितलं,
टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या,
हात आपोआप जातात.

गुरुवारी दुपारी लिथुआनियाचा सिनेमा.
अर्धं सभागृह भरलेलं, त्यातले निम्मे पावसाला टाळून आलेले.
दिग्दर्शक अल्मिनास तिसऱ्या रांगेत,
मांडीवर ओला कोट.
तीस पानं सुरळीत गेली.
पडद्यावर स्वयंपाकघर, टेबलाशी आई आणि मुलगा.
आणि हेडफोनमध्ये कागदांची सळसळ,
पुन्हा सळसळ,
मग काहीच नाही.

एकतीस ते चौतीस, पानंच आली नव्हती.

पडद्यावरची आई ओठ हलवत होती.
माणसं मान वळवून काचेकडे बघू लागली.
आणि त्सियाला बोलली:

जेव, निवतंय.
रविवारी फोन लावला होता तुला.
बंद आहे, असं ती बाई सांगते, रेकॉर्डवरची.
तीन भाषांत सांगते.
आता ओळख झालीय आमची,
परवा मी तिलाच विचारलं, तू जेवलीस का.

मुलाचे ओठ हलले. थोडेच.
त्याच्यासाठी ती म्हणाली:
येईन, आई.
आणि मग, त्याच सपाट आवाजात:
हे तू मागच्या वर्षीही म्हणाला होतास.

ग्दान्स्कला असतो तिचा लेवान. जहाजं रंगवतो.
हे सभागृहात मला एकट्याला माहीत.
मी काय करावं?
सिनेमाचं बटण हळूहळू खाली आणलं,
अगदी तळापर्यंत.
भांड्यांचा आवाज गेला, खुर्चीचा गेला,
ती परकी भाषा गेली.
आठ मिनिटं पदरचं बोलली ती,
आणि पाचव्या रांगेतल्या मासळीवाल्या नानुलीनं
पिशवीतून आधी रुमाल, मग दुसरा रुमाल काढला.

पस्तिसावं पान सापडलं.
मी बटण वर घेतलं.
सिनेमा आपल्या वाटेनं गेला.

बाहेर व्हरांड्यात अल्मिनासनं तिला गाठलं.
त्याचं रशियन अडखळत होतं:
तिथे लोक का रडले?
त्या प्रसंगात ते दोघं विहिरीच्या पंपाबद्दल बोलतात,
जुना दुरुस्त करावा की नवा घ्यावा.
त्सियालानं थर्मासचं झाकण फिरवून फिरवून घट्ट केलं.
म्हणाली, आमच्याकडे पंप फार महाग आहेत.

रविवारी प्रेक्षकांचं बक्षीस त्यालाच मिळालं.
काचेचा मासा, शेपटीवर कोरलेलं वर्ष.
तो विमानात हातात धरून नेणार म्हणाला,
सामानात फुटेल.

मी झेंडे उतरवले, तारा गुंडाळल्या.
काचेच्या खोलीत मुंग्यांची रांग अजून होती,
गोळीच्या कागदापासून भिंतीतल्या भोकापर्यंत.
दिवा मालवायचा राहिला होता.
हेडफोन मी उगाच कानाला लावून पाहिला.