रकाना क्रमांक सात

बँकेच्या अर्जात सातव्या रकान्यात विचारलंय :
आपल्या मालाला गिऱ्हाईक कोण, किती?
सोमवारपासून पेन तिथंच अडलंय.

मिरजेत, सतारी करणाऱ्यांच्या बोळात
जिन्याखाली माझं दुकान. सहा बाय आठ.
गेमचे कन्सोल विकतो, जुने घेतो, बिघडलेले उघडतो.
दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं
बाहेरूनच भाव विचारायचा.

कुंभोजकर मॅडम म्हणाल्या, मगदूम, खरं सांगा,
पोरं तर सगळी मोबाईलवर खेळतात, फुकटात.
पन्नास हजारांचा डबा टीव्हीला जोडून
खेळणारं या तालुक्यात आहे कोण?
मूठभरांचा बाजार हा.

मी वही उघडली. वर्षात सत्तावीस.
त्यातले चार शिकाऊ डॉक्टरांचे, वर्गणी काढून घेतलेले,
रात्रपाळी संपली की खेळतात, तेही झोप आली नाही तर.
एक सांगलीच्या हळदवाल्याच्या जावयाला, दिवाळसणात.
तासगावचा एक बागायतदार द्राक्षं उतरली की घेतो
आणि छाटणीच्या तोंडावर मलाच परत विकतो,
त्याला एक धरू का दोन?
विट्याच्या गलाईवाल्यानं आणला तो कोचीनहून.
विकला नाही मी. बिघडला की मात्र माझाच.

मूठभरच. कबूल.

पण आम्ही लहान असताना
जत्रेत पिवळी कॅसेट मिळायची,
वर छापलेलं : नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ.
आत सात.
आळीत मशीन एकच, शीतल चौगुलेच्या घरी,
आणि आम्ही अकराजण भिंतीला टेकून,
एक मेला की पुढचा.
शीतलची आई चहाचे कप मोजायची,
पुरले नाहीत तर बशीत.
विकणाऱ्याच्या वहीत तेव्हाही एकच आकडा पडला असणार.

मग आता काय मोजू? डबे, का अंगठे?

शेजारी दस्तगीरचाचा भोपळा घासत होते.
विचारलं, चाचा, सतारीला गिऱ्हाईक किती?
"वर्षाला पंधरा. कधी बारा.
माझ्या आज्ज्याला बी कुणीतरी हेच इचारलं असंल."
भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला,
बाजूला ठेवला, दुसरा घेतला.
हे उत्तर होतं का, मला कळलं नाही.

काल मॅडम स्वतः आल्या, जागा बघायला.
आत दोन पोरं होती म्हणून उंबऱ्यातच थांबल्या.
कपाटं बघितली, वीजमीटर बघितला,
मग आवाज खाली आणून :
ते बदकं मारायचं... नारिंगी बंदूक असायची...
मिळतं का हो अजून?

म्हटलं, बंदूक मिळते. टीव्ही मिळत नाही.
जाड काचेचा, पाठीमागं ढेरी असलेला.
नव्या पडद्यावर नेम लागतच नाही.
अस्सं, म्हणाल्या.
कर्जाचं काही बोलल्या नाहीत.

रात्री शटर अर्धं ओढून
डॉक्टरांचा एक कंट्रोलर तपासायला घेतला.
आतली काडी झिजलीय.
कुणी हात लावलेला नाही,
तरी पडद्यावरचा माणूस सावकाश डावीकडे चालतोय.
झाड ओलांडलं त्यानं, पूल ओलांडला.
स्क्रू-ड्रायव्हर हातातच होता माझ्या.
म्हटलं, जाऊ दे थोडा.
बघू तरी, भिंत कुठं येते.