तिसरा फेब्रुवारी

नेंगसिह तिसऱ्यांदा नापास झाली.
अकिताच्या आमच्या इस्पितळात ही बातमी
तिच्याआधी माझ्या टेबलावर पोचली,
सोबत एक फॉर्म :
उमेदवारास आणखी एक संधी द्यावी काय?
हो, नाही. दोनच चौकोन.

बाहेर सायकलींच्या सीटवर वीतभर बर्फ.
चार नंबरचे कुदोआजोबा
दर दोन तासांनी तिच्याच हातानं कूस बदलतात,
दुसरं कुणी आलं की अंग ताठ करून पडतात.
दीड वर्ष अंथरुणाला खिळलेत,
पाठ मात्र सोललेल्या अंड्यासारखी.
आणि पेपरात ही अडली कुठं,
तर 'शय्याव्रण' या शब्दाशी :
दोन चित्राक्षरं, मोजून तीस रेघा.

लगेच 'हो' म्हणणार होते.
पण मला माझी पहिली रात्रपाळी आठवली.
मी पहिल्याच फटक्यात पास झालेली,
आणि सलाइनच्या हिशेबात
दशांशचिन्ह एक घर चुकलेली.
त्या बाईंना दुसरी खेप नव्हती.
म्हणून नियमाला सरसकट शिव्या
मला घालवत नाहीत.

चार वाजता ती दारातून डोकावली :
"आजोबांना डावीकडं वळवते."
मनगटावर बॉलपेननं गिरवलेली तीच अक्षरं,
साबणानं अर्धी गेलेली.

मी 'हो'वर खूण केली.
खाली 'कारण' लिहायला एक ओळ.
तिथं तोच शब्द काढायला घेतला,
सगळा जन्म टाइप करण्यात गेलेली मी,
आणि अडले :
सातवी रेघ वळते कुठं?