गुळाचा दाखला

वडणग्यात, शलमोन आवळ्यांच्या सोप्यात
गुरुवारचा वर्ग.
वीज गेलेली. चार्जिंगचा एक दिवा, नऊ माणसं.
बाप्तिस्म्याला सहा आठवडे उरलेले,
आणि त्रैक्याचा धडा मी तीनदा पुढं ढकललेला.

आज मात्र दाखला घेऊन आलो होतो.
स्कूटरवर घोकत,
शिवाजी पुलावर तर स्वतःशीच हसलो:
रस, काकवी, गूळ.
ऊस एकच, रूपं तीन.
पिता, पुत्र, पवित्र आत्मा.

सांगितलं. माना हलल्या.
एलिशानं वहीत तीन गोल काढले.
मी पान उलटणार, तेवढ्यात
भिंतीला टेकलेली शेवंताक्का म्हणाली,
"मास्तर, एक इचारू?
गूळ झाल्यावर काईलीत रस ऱ्हातोय व्हय?"

नाही.

"मग ल्योक आला तवा
बाप आटला म्हनायचा?"

कुणी हसलं नाही.
जुन्या सभांनी हीच चूक
वर्षानुवर्षं वाद घालून बाहेर काढली होती.
सेमिनरीत आठ गुणांना मी ती लिहिली होती,
समासात नीट रेघ मारून.
आणि चुलवाणात चिपाडं सारत
बावीस हंगाम काढलेल्या बाईनं
ती नुसत्या वासावरून ओळखली.

"यार्देनीचं तुमीच सांगितलंसा की मागल्या गुरवारी.
ल्योक पान्यात हुबा.
वरनं बापाची हाक.
आन् आत्मा कबुतरावानी खाली येतोय.
तिघंबी एकाच येळंला.
कोन आटलं हुतं त्यात?"

मी फळ्यावरचा गूळ तळहातानं पुसला.
म्हटलं, देव एक.
पिता देव, पुत्र देव, आत्मा देव.
पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे.
तरी देव तीन नाहीत.
कसं, ते मला दाखवता येत नाही.

"न्हाई येत तर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली,
"पाठ करून घ्या आमच्याकडनं."

मग नऊ जण म्हणत राहिले, अडखळत,
शलमोनमामा दर वेळी आत्म्याला विसरत,
आणि एलिशा कोपरानं ढोसून आठवण करत.

निघताना तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेला
गुळाचा खडा हातावर ठेवला,
अजून कोमट.
"ह्यो दाखला न्हवं, मास्तर.
खायाला हाय."