बसून बघा

गुडघ्याच्या डॉक्टरांनी एक्सरे उजेडाला धरला
आणि म्हणाले, आजपासून मांडी बंद.
गिरणी बंद व्हावी तसं.
म्हणून आम्ही ताराबाई पार्कात खुर्च्या बघायला गेलो,
स्कुटरवर, माझा उजवा पाय जरा बाहेर काढून.

दारातच रजिस्टर. पोरगीनं नाव विचारलं
आणि हे स्कुटर लावत होते,
तेव्हा मीच सांगितलं: हिंदुराव चौगुले.
उखाण्याशिवाय पहिल्यांदा.

पोरगी जयसिंगपूरची, मगदुमांची अक्षता,
पण खुर्च्यांची नावं घेताना तिचं तोंड परगावचं व्हायचं.
ही मिलानची. ही तुरीनच्या कुणा बाईंनी काढलेली.
हिला हात नाहीत, मॅडम, ते डिझाइनच आहे.
"आणि पाय तीनच?"
तीनच. तीच तर गंमत आहे.

किंमत पाठीमागं दोऱ्याला बांधलेली.
चौऱ्याऐंशी हजार. एकीची.
"एवढ्यात दुभती म्हैस येती," हे हळूच म्हणाले,
"आणि म्हैस निदान रेडकू देती."
अक्षताला हसू आवरेना. तिच्या घरी म्हशी असणार.

मग ह्यांनी तेच केलं ज्याला मी भीत होतो:
खुर्ची उचलून उलटी केली
आणि गालिच्यावर बसून तिच्या पोटाखाली बघायला लागले.
चाळीस वर्षं उद्यमनगरात ओतकाम केलेला माणूस,
त्याला कुठलीही वस्तू आधी उलटीच दिसते.
पाय बैठकीला मिळतो तिथं
बोटभर ॲल्युमिनियम होतं.
त्यावरनं अंगठा फिरवला. थांबले. परत फिरवला.
"हितं कानस मारायची राहिलीया.
शनवारचा माल. कुणाला तरी घराकडं जायाची गडबड."
तक्रार नव्हती ती.
परमुलखात गाववाला भेटल्यासारखा आवाज होता.

"सर, बसून बघा ना," अक्षता म्हणाली,
कारण इतका वेळ कुणी बसलंच नव्हतं.

हे बसले. मी समोर बसलो.
आमच्याकडं बायकाही आलो, बसलोच म्हणतात,
खुर्चीला काय त्याचं.
मधे काचेचं टेबल,
त्यावर पांढरं रिकामं ताट, मेणाची तीन लिंबं,
आणि मला बघायला दुसरी जागाच नाही.

एकतीस वर्षं ह्यांना वाढलं,
पांढरा आधी, तांबडा मग, भाकरी तव्यावरनं थेट,
पण बघितलं ते वरनं:
विरळ होत गेलेला भांग, कानामागचा भाजल्याचा डाग,
वाटीकडं जाणारा हात.
माझं जेवण नंतर, ओट्याकडं तोंड करून.
मी जेवलो हे ह्यांना
धुतलेल्या ताटाच्या आवाजावरनं कळायचं.

ह्यांनी रिकाम्या ताटाला बोट लावलं.
मीही लावलं.
पुढं काय करायचं कळेना.
"मीठ बरं हाय का?" मी विचारलं.
"जरा कमी," हे म्हणाले.
अक्षता उगीच पडद्याची चुणी सारखी करत राहिली.

सेट सहाचा असतो, मोडत नाहीत.
बोटीनं येतो, बारा आठवडे.
दोनच द्या म्हटल्यावर तिनं मॅनेजरला फोन लावला,
मॅनेजरनं मालकाला,
मालक जेवायला बसलेले.
आम्ही निघालो.

रात्री गॅलरीतली प्लॅस्टिकची खुर्ची आत आली, माझ्यासाठी.
हे साच्यांच्या लाकडी खोक्यावर.
मी भाकरी आधीच सगळ्या करून घेतल्या,
म्हणजे ह्यांच्या जन्मात पहिल्यांदा गार भाकरी.
काही बोलले नाहीत.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"घास घेताना तू डोळं मिटतीस."

ठाऊक नव्हतं मला.
पुढचा घास मी डोळे उघडे ठेवून घेतला
आणि रस्सा साडीवर सांडला.