उत्तरेकडची भिंत

नेरूळची सिडको बिल्डिंग. उत्तरेकडची भिंत
कधीच पुरती वाळत नाही.
म्हणून माझं घर चालतं.
तारेचा ब्रश, अ‍ॅसिडची बाटली, बांबू, दोन माणसं,
चौरस फुटाचा ठरलेला भाव.

ऑक्टोबरात चढलो तर शेवाळ करपलेलं,
चहाच्या चोथ्यासारखं.
पहिल्या मजल्याच्या खिडकीतून नंबियार टीचर म्हणाल्या,
"मेलं नाही ते, बाळाराम. थांब."
आणि तांब्यातलं पाणी हातानं शिंपडलं.
मी बिडीचे दोन झुरके घेतले असतील नसतील,
हिरवं.

टीचर रिटायर झाल्यात, शिकवणं झालेलं नाही.
म्हणाल्या, तुमच्या मराठीत दोघांना एकच नाव.
टाकीतलं बुळबुळीत तेही शेवाळ,
भिंतीवरचं मखमली तेही शेवाळ.
मध्ये सत्तेचाळीस कोटी वर्षं आहेत.

मी म्हटलं, खाडीतून वर आलं असेल.
आमचं सगळं खाडीतूनच आलं:
मीठ, निवट्या, आजाचा दमा.
"नाही रे. गोड्या पाण्यातून.
डबक्याच्या आटत्या काठावरून."
मला उगाच थोडं वाईट वाटलं.

मग भिंग दिलं हातात.
केसाएवढी दांडी, टोकाला बोंडी, बोंडीवर टोपी.
पाण्यातलं शेवाळ पोरांना पाण्यावर सोडून देतं,
हे सोडत नाही.
गर्भ अंगावरच वाढवतं,
आणि ती टोपी म्हणजे आईच्याच अंगाचा तुकडा.
कुंची, मी म्हटलं.
टीचरना शब्द माहीत नव्हता.
वहीत लिहून घेतला, दोनदा विचारून.

मूळ नाही त्याला. नुसते धागे, धरून राहण्यापुरते.
पाणी वर चढवायला नळ्या नाहीत,
म्हणून उंची बोटाच्या पेराएवढी.
आणि लग्नाला अजून पाणीच लागतं:
नराची पेशी पोहत निघते
या थेंबातून त्या थेंबात,
अंतर नखाएवढं,
वाटेत थेंब सुकला तर संपलं.
जमिनीवर आलं,
पाण्याशी सोयरीक मोडली नाही.

आमच्या मिठागरावर भराव पडला
तेव्हा साडेबारा टक्के मिळाले, आधी कागदावर,
मग बऱ्याच वर्षांनी.
बाबा शेवटपर्यंत भरतीची वेळ विचारायचा,
चौथ्या मजल्यावर, पंख्याखाली.
आम्ही सांगायचो काहीतरी.

भिंत सगळी खरवडली. ठरलेलं काम.
टीचरनी खिडकी लावून घेतली.
ब्रश झटकला नाही, तसाच गोणीत टाकला,
दुसऱ्या दिवशी सीवूड्सला तोच ब्रश,
तशीच उत्तरेकडची भिंत.
तारेत अडकलेला कणभर तुकडा पुरतो त्याला,
हेही त्यांनीच सांगितलं होतं.

दोन वर्षांनी तिथूनही फोन येईल.
मी भाव वाढवून सांगेन.