पान उलटणारा

मला वाचता येत नाहीत ती काळी चिन्हं,
पाच तारांवर साळुंक्यांसारखी बसलेली.
मी मिशन दवाखान्याच्या लॅबमधला,
बेडक्यांत जंतू शोधणारा.
पण प्रिसिला तिवडे मॅडम म्हणाल्या,
"मी मान हलवली की पान उलटायचं, शांतवन.
बाकी काही नाही."
म्हणून उभा आहे त्यांच्या डाव्या खांद्याशी,
इस्त्रीच्या शर्टात,
बोटाला थुंकी लावायची नाही हे घोकत.

दुपारचा एक. एप्रिल.
बाहेर परतवाड्याच्या रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय.
आत देवळाच्या दगडांनी
रात्रीचा गारवा अजून सोडलेला नाही.
कूलर बंद, आवाज करतो म्हणून.
बाकांवर नर्सा, पाळक, दोन मास्तर,
डबे मांडीवर घेतलेले स्टँडवरचे कंडक्टर,
आणि पहिल्या बाकावर एक कोरकू बाई, पोर पदराखाली.
तिला वाटलं, नंबर इथंच लागतो.

दाराशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
त्यावर चिकटपट्टीनं कागद :
अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी, उबेची पेटी.
बाहेर चव्वेचाळीस,
आणि आम्ही ऊब मागतोय.

पियानो जुन्या मडमेचा.
ती मायदेशी निघाली तेव्हा
बैलगाडीतून स्टेशनापर्यंत गेला,
डब्याच्या दारातून शिरेना, म्हणून परत आला.
उंदरांनी आतला नमदा खाल्लेला.
नागपूरचा कारागीर दोन दिवस पोटात डोकं घालून बसला
आणि म्हणाला, सगळं जमलं,
मधली एक पट्टी सोडून.
तिची तार आता कुठं मिळत नाही.

मॅडम वाजवतात.
कुणा जर्मन माणसाचं, मरून दोनशे वर्षं झालेल्या.
डावा हात विहिरीच्या पायऱ्या उतरतो,
उजवा काठावरच रेंगाळतो.
आणि मग ती पट्टी.
मला वाटलं, टाळतील.
टाळत नाहीत.
बोट तितक्याच मायेनं तिच्यावर टेकतं
आणि नुसतं लाकूड बोलतं : टक्.

"एक बटन गेलं वाट्टे जी,"
मागून कंडक्टर कुजबुजला.
"चूप बस ना बे."

मग जिनिंगचा भोंगा झाला, मधेच, लांबलचक.
मॅडम थांबल्या नाहीत.
तिसऱ्या पानावर तर साऱ्यांनाच कळू लागलं
ती कधी येणार.
नर्सांचे श्वास तिथं अडू लागले.
मलाही ऐकू आला तो सूर,
न वाजलेला,
बाकीच्या सगळ्यांहून स्वच्छ.

तेवढ्यात मान हलली.
मी पाहिली नाही.
पानाचा कोपरा चिमटीत धरून
त्या एका पट्टीकडे बघत राहिलो,
आणि त्या पुढे निघून गेल्या होत्या,
जुन्या पानासमोर, नवं पान वाजवत.

संपलं तेव्हा टाळ्या उशिरा आल्या.
कंडक्टरांनी डबे उघडले,
देवळात ठेच्याचा वास सुटला,
पाळक काही बोलले नाहीत.

पेटीला लागतात दीड लाख.
डब्यात निघाले चार हजार सहाशे दहा
आणि शर्टाचं एक बटन, पांढरं, चार भोकांचं.
मी माझा शर्ट चाचपून पाहिला.
माझं नव्हतं.

"संपली का पेटी?" ती बाई दाराशी थांबलेली.
"मंग आता सुई टोचसान?"
हो म्हटलं. तुमचाच पहिला नंबर.