पडायला हवं

आंजर्ल्याच्या सड्यावर, चिऱ्याच्या जुन्या खाणीत
उद्या सकाळी चार जनावरं उभी राहतील:
कोंबडी, डुक्कर, टर्की, मेंढा.
सलाम वेल्डरने ती बंदरावर कापली,
भंगारात काढलेल्या ट्रॉलरच्या जाड पत्र्यातून.
टर्की त्याने कधी पाहिली नव्हती, ती गिधाडावर गेली.
मेंढा तरी कोकणात कुठे बघणार?
घरच्या बोकडालाच त्याने वाकडी शिंगं लावली.

दोनशे मीटरवर तो बोकड.
त्याला नुसती गोळी लागून भागत नाही.
पडायला हवा.
वाजला, हलला, डुलला आणि उभाच राहिला,
तर पोस्टातून निवृत्त झालेले दांडेकर
दुर्बीण खाली ठेवून वहीत लिहितात: शून्य.

गेल्या वर्षी माझी सगळ्यात देखणी गोळी
त्याच्या शिंगाला लागली.
घण्ण.
खाणीच्या तिन्ही भिंतींनी तो आवाज झेलला,
पोरांनी टाळ्या पिटल्या,
मी पिस्तूल खाली ठेवून हसलेसुद्धा.
शून्य.

म्हणून आज रात्री गोळ्या निवडते आहे.
सुपात, तांदूळ निवडावे तशा.

शिसं दोन घरचं.
थोडं धर्मा चोगल्याच्या फाटक्या पागाचं,
खाऱ्या पाण्याने पांढुरकं झालेलं,
नख लावलं की ओरखडा उठतो.
बाकीचं दापोलीच्या बंद पडलेल्या छापखान्यातलं.
खिळे. पाच किलो अक्षरं, किलोच्या भावाने.
लग्नपत्रिका, तेराव्याचं बोलावणं, 'गाय हरवली आहे',
सगळं एकाच कढईत पातळ झालं.
'ळ'चा एक खिळा तेवढा मी बाजूला काढला.
का, ते तेव्हा कळलं नाही.

नुसतं पागाचं शिसं मऊ, नळीतच लिंपून बसतं.
नुसती अक्षरं कडक, लोखंडावर आपटून भुगा होतात.
कालवलं तर जमतं. तेही दर वेळी नाही.

ही सुरकुतलेली: साचा गार होता, मला घाई होती.
हिचं नाक चेपलंय. राहू दे, चालेल.
हिच्या बुडाला खळगा. नको.
चेहऱ्याचं मी खपवून घेते, बुडाचं नाही.
सुटताना बूड तिरकं असेल
तर पुढे दोनशे मीटर ती तिरकंच वागते.

आणि ही, आरशासारखी, कुठे डाग नाही.
सोनाराच्या काट्यावर ठेवली तर पारडं वर.
आत पोकळ आहे बया.
गेल्या वर्षीची तिची बहीणच असणार.

धर्मा पायरीवर बसून बघतो आहे,
विडी विझलेली, तरी तोंडात.
"ह्या तर पागासारकाच हाय गो," म्हणतो.
"येक गोली हलकी झाली का पाग गोल पडत नाय.
मासा तितनाच पलतो."
त्याच्या जिभेवर ळ नाही. कधीच नव्हता.
चाळीस वर्षं त्याने गोल्या ओतल्या
आणि समुद्राने त्या बरोबर ऐकल्या.

एकशे बारातल्या एक्केचाळीस उरल्या.
त्यातल्या दहा सगळ्यात जड, मळकट,
बोकडासाठी वेगळ्या डबीत.
जड गोळी मनगट मागते, हळू जाते,
पण पोचली की ढकलते.
नाकारलेल्या धर्माने रुमालात बांधल्या.
"मना चालतील. वजान मी हातानं लावीन."

त्या आरशासारखीला मात्र मी कढईत परत टाकलं.
मग आठवण झाली, आणि तिच्यामागून तो खिळाही.
थोडा वेळ तरंगला, उलटा,
छापखान्यात वाचायची सवय असलेल्यालाच वाचता यावा असा.
मग कडा गेल्या.

उद्या बोकड पडेल की नाही, माहीत नाही.
वारा दुपारी समुद्रावरून फिरतो,
आणि माझा नंबर आहे शेवटून दुसरा.